सोमवारची धाप

निर्मलहून भैंशाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या बाभळी दसऱ्यानंतर पांढऱ्या दिसू लागतात. कापसाने फुगलेल्या गाड्या खालून जातात, काट्यांना थोडी थोडी रुई अडकते आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच लोंबत राहते. भैंसा हा निर्मल जिल्ह्यातला जुना कापूस बाजार. जिनमध्ये सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. इथल्या बाजारात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच वाक्यात नांदतात. दम लागला की तेलुगू बोलणारा माणूस त्याला ‘आयासम’ म्हणतो. मराठीत आयास म्हणजे कष्ट. शब्द एकच, एका भाषेत त्याचा अर्थ काम आणि दुसरीत त्या कामाने लागलेली धाप. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचा इतिहास वाचताना मला हा शब्द पुन्हा पुन्हा आठवत राहिला.

या आजाराचं वैद्यकीय नाव बिसिनोसिस. तलम लिननच्या कापडाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून १८७७ मध्ये आद्रियँ प्रूस्त या फ्रेंच वैद्यकाने ते रूढ केलं. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांचे हे वडील. नाव भारदस्त असलं तरी आजाराची पहिली खूण अगदी साधी, आणि विचित्रही. फुप्फुसाच्या बहुतेक दुखण्यांत आपण खोकला बघतो, बेडका बघतो, ताप बघतो. इथे आधी वार बघायचा. सुट्टीनंतर कामावर परतलेल्या माणसाला त्या पहिल्या दिवशी, पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी, छातीवर कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. श्वास पुरत नाही, कोरडा खोकला येतो. दुसऱ्या दिवशी त्रास कमी होतो, आठवडा सरता सरता नाहीसाही होतो. मग सुट्टी येते आणि पुढच्या सोमवारी छाती पुन्हा आवळते.

धूळ रोज तीच, मग त्रास पहिल्याच दिवशी का? कापसाच्या धुळीत नुसते तंतू नसतात. बोंडाभोवतीची वाळलेली पानं, देठ, मातीचे कण आणि त्यांच्यावर वाढलेले जिवाणूही असतात. या जिवाणूंच्या आवरणातलं एक विष, एन्डोटॉक्सिन, श्वासनलिका आकसवतं. रोज मारा होत राहिला की शरीर तात्पुरतं सरावतं. दीड-दोन दिवसांच्या विश्रांतीत तो सराव सुटतो आणि परतल्यावर पहिला घाव पूर्ण ताकदीने बसतो. बरं वाटणारा शुक्रवार म्हणूनच फसवा असतो. इजा तेव्हाही चालूच असते, शरीराने फक्त तक्रार करणं थांबवलेलं असतं.

ही खूण कामगारांना फार पूर्वीपासून माहीत होती. बेल्जियममधल्या घेंट शहरात मारेस्का आणि हेमान या दोघा डॉक्टरांनी कापड गिरण्यांतल्या कामगारांची पाहणी केली आणि १८४५ मध्ये ती छापली. आठवड्याच्या अखेरीपेक्षा सोमवारी आणि मंगळवारी धूळ जास्त बाधते, असं कामगार त्यांना एकमुखाने सांगत होते. दोघांनी ते लिहून ठेवलं. त्यांचं मोठेपण मला यातच दिसतं. त्यांनी कामगारांना विचारलं आणि मिळालेलं उत्तर हसण्यावारी नेलं नाही.

पुढच्या पानावर आपला कापूस येतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. तेव्हा हिंदुस्थानचा कापूस मुंबई बंदरातून भरभरून गेला. वऱ्हाडातला असो, खानदेशातला असो की गुजरातेतला, तिकडच्या बाजारात सगळ्याला ‘सुरत’ हेच नाव. तो आखूड धाग्याचा होता आणि त्यात काडीकचरा फार. १८६३ मध्ये जेसी लीच यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक टिपण लिहिलं. विषय होता, सुरत कापूस कातणाऱ्या कामगारांच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो. इतिहासाच्या पुस्तकांत त्या चार वर्षांची गोष्ट मुंबईत आलेल्या पैशाची, बॅकबेच्या शेअरबाजी लाटेची आणि १८६५ च्या दिवाळखोरीची असते. त्याच कापसाने हजारो मैलांवर कुणाची छाती भरून आली, ही ओळ तिथे सापडत नाही.

मुंबईत तोवर स्वतःच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या गिरणीची पायाभरणी केली, १८५६ मध्ये तिथे कताई सुरू झाली आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. कामगार रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुण्याच्या मावळातले. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकरही त्यांत होते.

गिरणीत शिरल्यावर कापसाचा पहिला मुक्काम ब्लो रूम. तिथे गाठी फोडून कापूस झोडपला जातो आणि कचरा झडतो. पुढे कार्डिंग. बारीक तारांच्या दातांनी मढवलेली मोठी पिंपं फिरतात, तंतू विंचरतात आणि पेळू बाहेर पडतो. हे दात गच्च भरले की ते उपसून साफ करायचे, घासून पुन्हा धारदार करायचे. गिरणीतलं सगळ्यात धुळकट काम हेच. आपल्याकडचा पिंजारी, म्हणजे तेलंगणातला दूदेकुल, धनुष्यासारखं पिंजण घेऊन अंगणात बसून हेच काम करत आला होता. फरक इतकाच की त्याच्या डोक्यावर आभाळ होतं आणि पिंजून झालं की तो पुढच्या गावाला निघून जाई. कार्डिंग खात्यातला माणूस दिवे लागेपर्यंत त्याच खोलीत, त्याच हवेत उभा असे.

आणि त्याला रविवार नव्हता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची आणि सुट्टी सणावाराला, तीही मालकाच्या मर्जीने. काम बंद असलेल्या दिवशीसुद्धा यंत्रं साफ करायला सकाळी बोलावलं जाई. म्हणजे ज्या दिवशी छातीला विसावा मिळायचा, त्याच दिवशी साचलेली धूळ उडवायची. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्यांच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. १८४८ मध्ये ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारात वाढलेले लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या. तिथून जे निवेदन निघालं त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या वाचताना आज गलबलून येतं: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत वेतन. मालक हलले नाहीत. सहा वर्षं अर्ज, सभा आणि लेख चालू राहिले. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हा मुद्दाही तेव्हा पुढे केला गेल्याची आठवण आजही सांगितली जाते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, त्यात दोन स्त्रियाही व्यासपीठावरून बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगच्या साथीत, गेले.

या विजयाकडे आपण हक्काचा विजय म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्याला जोडून आणखी काही दिसतं. बिसिनोसिसची पहिली खूण दिसायला आठवड्यात एक मोकळा दिवस असावा लागतो. सुट्टीच नसेल तर सोमवार कुठला? रोजचा त्रास रोजच्या थकव्यात मुरून जातो आणि छाती कायमची आवळेपर्यंत कळतही नाही. लोखंड्यांनी रविवार मिळवला आणि त्याबरोबर नकळत कामगाराच्या छातीला बोलायला एक वार मिळवून दिला. ऐकणाऱ्यांनी पुढे शंभर वर्षं लावली.

का लागली, याची कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं म्हणजे या आजारात एक्स-रे साफ येतो. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसमध्ये फिल्मवर ठिपके दिसतात. कापसाच्या धुळीचं तसं नाही. शुक्रवारी संध्याकाळी दवाखान्यात गेलेल्या माणसाच्या छातीला नळी लावली तर बहुधा काही ऐकूही येत नाही. दुसरं, चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा जण राहत, क्षय घरोघर होता, त्यामुळे खोकणारा प्रत्येक कामगार टीबीचा किंवा दम्याचा ठरे. तिसरं कारण मला सगळ्यात जास्त टोचतं. श्वास पुरेनासा झाला की कामगार गावी जाई. बायको-मुलं तिकडेच असत. रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतल्या पडवीत बसून उरलेली वर्षं धापा टाकत काढी. गिरणीच्या हजेरीपटावर आजारी माणूस उरतच नसे. जे टिकले तेवढेच मोजले गेले आणि मोजणाऱ्यांना सगळे ठणठणीत दिसले. शिवाय सोमवारी गैरहजर राहिलेल्याचा खाडा लागे, पण खाडा का पडला याचा रकाना हजेरीपटात नसे.

विलायतेतही फार वेगळं घडलं नाही. १९४० च्या सुमारास तिथे या आजारासाठी भरपाईची योजना निघाली, पण कार्डिंग खात्यात वीस वर्षं काढलेली असावीत आणि माणूस कामातून पुरता उठलेला असावा, अशा तिच्या अटी. म्हणजे पहिल्या खुणेला किंमत नव्हती, शेवटच्या अवस्थेला होती. नव्या पंख्यांनी आणि धूळ ओढणाऱ्या यंत्रांनी हा आजार संपत आला, असंच पन्नासच्या दशकात तिथले जाणकार मानत होते. मँचेस्टर विद्यापीठातले रिचर्ड शिलिंग यांनी गिरण्यांत जाऊन कामगारांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा जाड सूत काढणाऱ्या गिरण्यांच्या कार्डिंग खात्यातल्या निम्म्याहून अधिक पुरुषांना त्रास असल्याचं निघालं.

शिलिंग यांचं खरं हत्यार एक प्रश्न होता: छाती कधी आवळल्यासारखी वाटते का, आणि वाटत असेल तर आठवड्याच्या कुठल्या दिवशी? उत्तरांवरून त्यांनी पायऱ्या ठरवल्या. कधीमधी एखाद्या सोमवारी त्रास होणं ही अर्धी पायरी. दर सोमवारी होऊ लागला की पहिली. सोमवारच्या पुढे मंगळवार, बुधवार व्यापू लागला की दुसरी. आणि सुट्टीतही दम जात नसेल, फुप्फुसाची ताकद कायमची घटली असेल, तर तिसरी. जोडीला फुंकरीची मोजणी. पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते, हे पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर बघायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा ठळकपणे घसरला तर कामगार खोटं बोलत नाही, एवढं नक्की. अर्ध्या किंवा पहिल्या पायरीवर माणसाला धुळीतून बाहेर काढलं तर तो सावरू शकतो. तिसरीवर गेलेला परत येत नाही. बिडी ओढणारा हा जिना भराभर चढतो.

भारतात मात्र साठच्या दशकापर्यंत हा आजार इथे नाहीच, किंवा असला तर नगण्य, अशी समजूत पक्की होती. हवा उष्ण आहे, दारं-खिडक्या उघड्या असतात, असे युक्तिवाद चालत. अहमदाबादला १९६६ मध्ये व्यवसायजन्य आजारांवरची संशोधन संस्था उभी राहिली, मुंबईत केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरण्यांत पाहणी केली आणि चित्र पालटू लागलं. १९८९ मध्ये पारीख आणि सहकाऱ्यांनी अहमदाबादच्या तीन गिरण्यांचे आकडे प्रसिद्ध केले. ब्लो विभागात सुमारे ३० टक्के कामगारांना बिसिनोसिस होता आणि कार्डिंगमध्ये जवळजवळ ३८ टक्के. ‘नाही’ म्हटलेला आजार दर तीन माणसांत एकाच्या छातीत बसलेला होता.

मुंबईत तोवर गिरण्याच मोडकळीला आल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. हजारोंना पुन्हा काम मिळालंच नाही. त्या पडझडीच्या काळात काही डॉक्टर आणि कार्यकर्ते कामगारांच्या छातीकडे वळले. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांच्यासारख्यांनी कामगारांना प्रश्न विचारले, फुंकरी मोजल्या आणि कामगार राज्य विमा योजनेखाली भरपाई मिळावी म्हणून प्रकरणं उभी केली. कायद्याच्या यादीत बिसिनोसिसचं नाव होतं, पण कुणाला तरी तो झाला आहे असं लिहून देणारं मिळणं अवघड होतं. १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त मुंबईच्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसवरचा त्यांचा निबंध छापून आला. लोखंड्यांच्या रविवारानंतर १०५ वर्षांनी. निबंध निघाला तेव्हा परळमधल्या गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं, याचे आराखडे तयार होत होते.

गिरण्या गेल्या, कापूस कुठे गेला? तो आदिलाबाद-निर्मलच्या काळ्या मातीत पिकतोच आहे आणि जिनमध्ये येतोच आहे. जिनचं काम हंगामी. दसऱ्याच्या पुढे यंत्रं सुरू होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतात. इथला मजूर रोजंदारीवर, त्यात बायका पुष्कळ. मिळेल तितके दिवस काम करायचं, आठवडी सुट्टीचा वार ठरलेला नाही. म्हणजे १८९० च्या आधीचं परळ. अशा ठिकाणी ‘सोमवारी त्रास होतो का’ असं विचारून उत्तर मिळणार नाही. इथला सोमवार वेगळ्या दिवशी येतो. हंगामाचा पहिला दिवस, दिवाळीनंतर परतल्याचा दिवस, लग्नाला किंवा जत्रेला चार दिवस गावी जाऊन आल्यानंतरचा दिवस, यंत्र बिघडून जिन बंद राहिल्यानंतरचा दिवस. त्या दिवशी दुपारनंतर छाती आवळली, कोरडा खोकला सुटला आणि पुढच्या तीन-चार दिवसांत आपोआप निवळला, तर तो ‘नव्याने कामाला लागल्याचा त्रास’ म्हणून सोडून द्यायचा नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरतं वजन, बेडक्यात रक्त, हे दिसलं तर आधी क्षयासाठी थुंकी तपासायची. रात्री-अपरात्री घरीही शिट्टीसारखा आवाज करत दम लागत असेल तर दमा धरायचा. पण धूळ आणि वार यांची सांगड जुळत असेल तर डॉक्टरला कामाचं नाव सांगायचं, नुसतं ‘मजुरी’ म्हणून थांबायचं नाही. फुंकरी मोजण्याचं साधं यंत्र, पीक फ्लो मीटर, काही महागडी वस्तू नाही. कामावर जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, तीन फुंकरांतला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. आठवडाभराच्या त्या चिठ्ठीत एक्स-रेला न दिसणारं दिसतं.

घेंटच्या दोघांनी १८४५ मध्ये जे केलं त्याला यंत्र लागलं नव्हतं. भैंशाच्या एखाद्या दवाखान्यात, माघाच्या थंडीत, डोक्याच्या पदराला रुई चिकटलेली बाई ‘आयासम’ म्हणत बाकावर बसते. तिच्यासमोरच्या केसपेपरवर नाव, वय, गाव एवढे रकाने असतात. तिथे आणखी दोन ओळी हाताने लिहिता येतील: काम काय करता, आणि दम पहिल्यांदा कुठल्या दिवशी लागला.